नाक्यावरची एव्हलिना

"ज्यांनी ही पाटी ठोकली ते खोटारडे आहेत," थॉमसिना म्हणाली आणि छत्रीच्या मुठीनं तिनं पितळेवर दोनदा टकटक केलं. "नुसते खोटारडे नाहीत, आळशी खोटारडे. खोटंसुद्धा स्वतः रचलं नाही. दुसऱ्याचं उचललं."

शहर बघायला आलेल्या पाहुण्यांच्या घोळक्याला हसावं की नाही ते कळेना. ओहायोहून आलेल्या बाईंनी फोटोसाठी फोन वर केला होता, तो तसाच हवेत राहिला. त्यांच्या नवऱ्यानं थंड कॉफीचा घोट घेतला, तो जरा मोठ्यानं ऐकू आला. घोळक्यापासून हातभर अंतर राखून उभे असलेले मिस्टर वाइली मात्र हसले नाहीत. ते पाहुणे नव्हतेच. पाट्या लावणाऱ्या कचेरीतून आले होते, आणि 'खोटारडे' या शब्दात आपलीही मोजदाद झाली हे त्यांना बरोबर समजलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"वाचा ना कुणीतरी," थॉमसिना म्हणाली. "मी नाही वाचत. मी वाचलं की शिवी दिल्यासारखं वाटतं म्हणे."

ओहायोच्या बाई पुढे झाल्या. पाटीच्या वरच्या भागात सज्जात उभी असलेली, घेरदार झग्यातली, नाजूक मानेची एक बाई ओतलेली होती. खाली अक्षरं होती. बाईंनी शाळेत वाचतात तसं एकेक शब्द सुटा करून वाचलं:

'याच नाक्यावर एव्हलिना रोज पहाटे उभी राहत असे. खांद्यावर निळी शाल, हातात दिवा, डोळे बंदराकडे. समुद्रावर गेलेला तिचा माणूस परतला नाही. तरी ती येत राहिली.'

"अगं बाई! काटा आला अंगावर," त्या म्हणाल्या. "हीच ना ती? भुतांच्या फेरीत दाखवतात ती?"

"हीच. अंधार पडला की तिचे जास्त पैसे घेतात."

आता लोक हसले. थॉमसिनानं छत्री उघडली. या नाक्यावर ती रोज उघडावी लागे. समोरच्या दोन घरांमध्ये एक फट होती आणि सकाळचं ऊन तिच्यातून थेट डोळ्यात घुसायचं. पाहुण्यांची पाठ उन्हाकडे ठेवायची आणि आपण ते तोंडावर घ्यायचं, हा वाटाड्याचा पहिला धर्म. ती कित्येक वर्षं तो पाळत आली होती.

"आज तुम्ही चांगल्या दिवशी आलात," ती म्हणाली. "रोज मी इथं थांबते, या पाटीला नावं ठेवते आणि तुम्हाला जुन्या बाजाराकडे नेते. आज ही गोष्ट ज्यानं रचली तो माणूसच तोंड उघडणार आहे. तो सांगेल की ती त्यानंच रचली. हे मिस्टर वाइली ऐकतील. मग ही पाटी खाली येईल, आणि या नाक्यावर जी बाई खरीखुरी असायची तिच्या नावाला जागा होईल. माझी आजी. राइना ग्रेसन. चाळीसहून जास्त वर्षं ती इथं टोपली घेऊन बसली. काकवीतली शेंगदाण्याची चिक्की विकायची. या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या चिक्कीवर वाढली, काळी आणि गोरी दोन्ही."

"जागा होईल असं मी म्हटलेलं नाही, मिस थॉमसिना," मिस्टर वाइली हळूच म्हणाले. "समिती विचार करेल असं म्हटलंय."

"बघा. विचार करेल."

राइनाच्या नावाची पाटी लावा असा अर्ज थॉमसिनानं केला होता, तो परत आला होता. कागदोपत्री पुरावा नाही, असं कळवलं होतं. टोपली घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या काळ्या बाईचा कागद कोण करणार? ना दुकान, ना परवाना. एव्हलिनाचा मात्र पुरावा निघाला. पर्यटकांसाठीच्या तीन-चार पुस्तकांत ती छापलेली होती, आणि त्या पुस्तकांनी ती एकमेकांतून उचललेली होती. शहराला भुतं आवडतात. भुतं मत मागत नाहीत, भाड्याबद्दल भांडत नाहीत, आणि झगा घातला की पोस्टकार्डावर छान दिसतात.

"मामा," थॉमसिना वळून म्हणाली. "बोल."

एझरा ग्रेसन बुटक्या ताडाच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसला होता. अंगावर रविवारचा चर्चचा करडा कोट, हॅट गुडघ्यावर. तो थॉमसिनाच्या आईचा भाऊ. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, पण दाढी रोज घोटायचा. सकाळपासून तो खुशीत होता. पाहुण्यांतल्या एका तरुणीला त्यानं आधीच सांगून टाकलं होतं की तिनं पाय दुखणारे बूट घातलेत आणि तिच्याबरोबरचा मुलगा काही लग्न करणाऱ्यातला दिसत नाही.

"बसून बोलू की उभा राहून?" त्यानं विचारलं.

"कसाही बोल."

"कोर्टात उभं करतात."

"हे कोर्ट नाही, मामा."

"मग हा माणूस एवढा घामाघूम का झालाय?"

मिस्टर वाइलींनी रुमाल खिशात घातला. "मिस्टर ग्रेसन, मला फक्त एवढंच हवंय. एव्हलिनाची ही गोष्ट तुम्ही स्वतः रचली का? हो किंवा नाही."

"थांबा हो. हो म्हणायला मी कोट घातलाय का?" एझरानं हॅट एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "मी पाहुण्यांना शहर दाखवणारी बग्गी हाकायचो. माझ्या बग्गीला खेचर होतं, त्याचं नाव डीकन. आमच्या चर्चमध्ये एक डीकन होते, चर्चचे कारभारी. सगळी मंडळी उठून गायला लागली तरी हे आपले बसलेले. हे खेचर तसंच. पूर्ण गावात शहाण्यासारखं चालायचं, आणि या नाक्यावर आलं की खांब. चाबूक दाखवा, देवाचं नाव घ्या, हलणार नाही. का? कारण इथं माझी आई बसायची, आणि ती त्याला टरबुजाची साल द्यायची. साल संपेपर्यंत राष्ट्राध्यक्ष जरी मागं बसला असता तरी डीकननं पाऊल उचललं नसतं."

"राष्ट्राध्यक्षाला उतरून चालायला लावलं असतं," कॉफीवाला नवरा म्हणाला.

"लावलंच असतं. बरं, बग्गीत माणसं. उकाडा. मागं दुसऱ्या बग्ग्या शिव्या घालतायत. काय सांगू? 'मॅम, खेचर नाश्ता करतंय'? एकदा एका बाईनं विचारलं, इथं का थांबलात? इथं काही घडलं होतं का? मी म्हटलं, घडलं होतं का म्हणजे काय, मॅम! तुम्ही बरोबर त्या जागेवर आहात."

लोक खळखळून हसले. थॉमसिनाच्या ओठांच्या कोपऱ्यातही हसू आलं, पण तिनं ते गिळलं. कामाचं अजून व्हायचं होतं.

"मग साल मोठी असली तर गोष्ट मोठी. साल लहान, गोष्ट लहान. टरबुजांच्या दिवसांत एव्हलिना फार रडायची."

"म्हणजे खोटी," थॉमसिना म्हणाली.

"खोटी."

"एव्हलिना नावाची बाई नव्हती."

"एव्हलिना नावाची माझी एक शिक्षिका होती. हातावर पट्टी मारायची. ती कुणाची वाट बघत उभी राहणाऱ्यातली नव्हती."

"ऐकलंत, मिस्टर वाइली?"

"ऐकलं." त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली. दोन वर्षं थॉमसिना या खुणेसाठी पायऱ्या झिजवत होती. खूण झाली तेव्हा साधा पेनाचा करकर आवाज झाला, एवढंच. तिनं मोठा श्वास घेतला आणि पाहुण्यांना पुढे व्हायची खूण करायला हात उचलला.

"पण तुम्हाला हे सुचलं कुठून?" ओहायोच्या बाई अजून पाटीसमोरच होत्या. "दिवा, निळी शाल. आणि ते शेवटचं... तरी ती येत राहिली. हे काही उगाच सुचत नाही."

"मला कुठलं सुचतंय, मॅम," एझरा म्हणाला. "मी बग्गीवाला. मला दिवा घेऊन उभी राहणारी एकच बाई माहीत होती. तीच सांगितली."

थॉमसिनाचा हात खाली आला. "कोण बाई?"

"कोण म्हणजे? तुझी आजी."

"आजी चिक्की विकायची."

"उजाडल्यावर."

गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. घोळक्यानं त्याला वाट दिली आणि परत जागा धरली.

"तू पाहिलीस ती दिवसाची आजी," एझरा म्हणाला. "तू यायचीस तेव्हा ऊन वर आलेलं असायचं आणि तुझं लक्ष टोपलीत. आधी टोपली नव्हती, टॉमी. आधी दिवाच होता. माझा बाबा कोळी. होडी घेऊन गेला, वादळ झालं, बाकीच्या होड्या आल्या. त्याची नाही. मी अजून शर्टाची बटणं उलटसुलट लावायचो, एवढा होतो. आई पहाटे उठायची, मला शेजारच्या मावशीकडे टाकायची आणि इथं येऊन उभी राहायची. या नाक्यावरून बंदर सरळ दिसतं. आमच्या वस्तीतून नाही दिसायचं. मध्ये गोदामं होती."

"मग पोलीस?" हा प्रश्न पायात दुखरे बूट घातलेल्या त्या तरुणीनं विचारला आणि ती स्वतःच दचकली.

"शाबास पोरी. बरोबर. काळी बाई, पहाटेची वेळ, मोठ्या लोकांची गल्ली, हातात दिवा. पहिल्याच आठवड्यात शिपायानं दंडाला धरून हाकलली. इथं काय काम आहे तुझं? समुद्र बघणं हे काही काम नाही. मग तिनं टोपली आणली. टोपली असली की कुणी विचारत नाही. टोपलीवाली बाई म्हणजे रस्त्याचा खांब. टोपलीत काहीतरी पाहिजे, म्हणून चिक्की. चिक्की खपायला लागली, म्हणून मग दिवसभर."

थॉमसिनानं छत्री मिटली. डोळ्यात ऊन आलं तसं तिनं कपाळावर हात धरला. दोन घरांमधली ती फट, जिच्यावर ती रोज छत्रीचं कापड आडवं धरत आली होती. त्या फटीत उभं, अरुंद, उन्हानं पांढरं पडलेलं पाणी होतं. एक कोळंब्यांचा पडाव त्यातून हळूहळू एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेला.

"माझ्या आईनं मला हे कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"कसं सांगणार? आमच्या घरात बाबाबद्दल 'होता' म्हणायचं नाही, असा कायदाच होता. 'आहे' म्हणायचं. 'होता' म्हटलं की मेला. आणि मेला तर मग ही रोज उठून जाते कुठं? म्हणून कुणी विषयच काढायचा नाही. तुझी आई त्या कायद्यात म्हातारी झाली."

"आणि तू? परक्या माणसांना सांगत सुटलास?"

"त्यांनाच तर सांगता यायचं. ती डीकनला साल भरवत तिथं बसलेली, आणि मी वर बसून तिचंच सांगतोय, दुसऱ्या नावानं." एझरानं कोटाचं खालचं बटण लावलं. "तिला ऐकू यायचं. एकदा घरी म्हणाली, शाल नव्हती. तेवढंच म्हणाली."

"मग काय होतं?"

"बाबाचं निळं जाकीट. पण बग्गीतल्या बायकांना कोळ्याचं जाकीट सांगून चालतंय होय? वास आला असता त्यांना."

थॉमसिना पाटीकडे वळली. तिनं बोट उचललं आणि झग्यातल्या बाईच्या मानेवर टेकवलं. "आणि ही गोरी? ही पण तूच?"

"मी कधी गोरी म्हटलं नाही," एझरा म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज कडक झाला. "देवाशपथ नाही. मी म्हणायचो, एक बाई होती. रंग त्यांनी भरला. मागं बसलेल्यांनी. वाट बघणारी बाई म्हटली की त्यांना आपलीच दिसायची. खरी बाई चाकापाशी खेचराला साल भरवतेय, आणि हे तिच्या डोक्यावरून सज्जाकडे बघून डोळे पुसतायत! मग दुसऱ्या बग्गीवाल्यांनी तिला कॅप्टन दिला, झगा दिला, नेऊन सज्जात उभी केली. मी तिला खाली रस्त्यावरच ठेवली होती."

ओहायोच्या बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. नवऱ्याच्या पेल्यातला बर्फ वाजला, तशी त्यांनी त्याच्याकडे एक नजर टाकली.

"मामा, मी दोन वर्षं तुझ्या मागे लागले होते," थॉमसिना म्हणाली. "दर रविवारी जेवताना. तुझ्या घशाखाली लाल भात उतरू दिला नाही. तेव्हा का नाही बोललास?"

"तू काय विचारायचीस? 'मामा, ही गोष्ट खोटी आहे ना?' खोटी आहेच. मी हो म्हणायचो. तू वाइलींसारखंच विचारायचीस. हो किंवा नाही."

मिस्टर वाइलींनी खाली कागदाकडे पाहिलं.

"आणि तू रोज इथं येऊन बसायचास," ती म्हणाली. "पाटी लागल्यापासून. मला वाटायचं आपली थाप पितळेत आली म्हणून मिरवतोयस. आग व्हायची माझी."

"मिरवत होतोच. थोडा." तो हसला. त्याचे पुढचे दोन दात नवे होते, जरा जास्तच पांढरे. "पण ऐकायलाही यायचो. लोक थांबतात, मोठ्यानं वाचतात. कुणी बाई वाचताना मध्येच थांबते. आईबद्दल असं मोठ्यानं कुणी कधी बोललं नव्हतं. आज तू म्हणालीस, मामा, खोटी आहे असं सांग. सांगितलं. तुझी आजी, तुझा हक्क. जाऊ दे पाटी. मला काय, घरी बसेन."

तो खरंच रागावला नव्हता. हॅटच्या कडेवरची धूळ त्यानं बाहीनं पुसली आणि ती डोक्यावर ठेवली. हिशोब मिटलेल्या माणसासारखा निवांत दिसत होता तो.

मिस्टर वाइली दोन पावलं पुढे आले. माणूस वाईट नव्हता. आवाज त्यांनी चर्चमध्ये ठेवतात तसा खाली ठेवला होता. "मिस थॉमसिना, माझी जरा अडचण होतेय. मला परत जाऊन एक काहीतरी सांगावं लागेल. गोष्ट खरी किंवा गोष्ट खोटी. खोटी म्हटलं तर पाटी उतरते. तुमचा नंतरचा अर्ज तोच होता, ही पाटी उतरवा. मी तसं लिहूनही घेतलंय."

"खोडा."

"काय?"

"लिहिलंय ते खोडा. पाटी उतरवायची नाही."

"पण तुम्हीच..."

"मीच. दोन वर्षं मीच. आता मीच सांगतेय, राहू दे." थॉमसिना पाटीसमोर उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदाच ती स्वतः वाचली, तोंडातल्या तोंडात, शेवटपर्यंत. 'तरी ती येत राहिली' इथं आल्यावर तिनं एक क्षण ओठ दाबून धरले. माझ्या अर्जात हे नव्हतं, असं तिला म्हणायचं असावं. अर्जात चिक्की होती, काकवी होती, वर्षं होती. ती तसं म्हणाली नाही. बोटानं एकेक शब्द दाखवत म्हणाली, "वरची ही झगेवाली काढा. 'एव्हलिना' खोडा, 'राइना ग्रेसन' लिहा. 'निळी शाल' खोडा, 'नवऱ्याचं निळं जाकीट' लिहा. बाकी एक अक्षर हलवायचं नाही."

"वा," कॉफीवाला नवरा पुटपुटला.

मिस्टर वाइलींचा हात पुन्हा रुमालाच्या खिशाकडे गेला. "मला पटतंय हो. माणूस म्हणून पटतंय. पण समिती म्हणेल राइना ग्रेसनचा पुरावा कुठाय. हे दिवा, जाकीट, पहाटेचं उभं राहणं... याचा काही कागद तर नाही. एका माणसाच्या आठवणीवर आम्हाला पितळ ओतता येत नाही."

एझरा खुर्चीत मोठ्यानं हसला. ताडाच्या सावलीतून तो हसू आवरत म्हणाला, "टॉमी, ऐकलंस का काय म्हणतोय?"

"ऐकलं, मामा."

ती हलली नाही. पाहुण्यांपैकीही कुणी हललं नाही. फेरीत अजून जुना बाजार राहिला होता, दोन चर्चं राहिली होती, तोफांची बाग राहिली होती. ओहायोच्या बाईंनी फुटपाथच्या कठड्यावर पर्स ठेवली आणि स्वतःही तिथं टेकल्या. तरुणीनं बूट काढले.

"मिस्टर वाइली," थॉमसिना म्हणाली, "एका माणसाच्या थापेवर तुम्ही हे ओतलंत ना? हाच माणूस. हीच तोंडची गोष्ट. तेव्हा ती गोरी होती, सज्जात होती, तर कुणी कागद मागितला नाही. आता ती रस्त्यावर आली, माझी आजी झाली, तर कागद. बरं. तुमच्या कचेरीला विचारा, आत्ता, इथून फोन लावून विचारा. आम्हाला घाई नाही. एव्हलिनाला पितळेत ओतलंत, तेव्हा एकमेकांतून उचललेल्या त्या पुस्तकांशिवाय कुठला कागद बघितला होतात? सांगा."